निजवलेलं पेट्रोल

कडूबाचं म्हणणं असं, की इंजिनं आपणहून बिघडत नाहीत, माणसं ती बिघडवतात. आणि माणसं म्हणजे अर्थातच बाकीची. स्वतः कडूबानं सत्तरी ओलांडेपर्यंत एकही चूक केलेली नव्हती. म्हणजे चुका झाल्या, पण त्या झाल्या तेव्हा तो नेमका दुसरीकडे होता, नाहीतर जागेवर असून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. धाकट्या मुलीच्या लग्नात त्यानं स्वतः ठोकलेला मांडव पंगतीवर बसला, तो वाऱ्यामुळे. विहिरीवरची मोटार उलटी फिरून जळाली, ती वरून वाईट करंट आला म्हणून. गंगापूर तालुक्यातल्या त्याच्या गावाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणी त्याच्याशी वादच घालत नसे. गावाला इतर कामं होती.

मात्र इंजिनाच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडू नये एवढी विद्या त्याच्या हातात होती, हे कबूल केलं पाहिजे. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मामानं त्याला मुकुंदवाडीच्या एका गॅरेजात चिकटवलं. तिथले उस्ताद दिवसभर पान चघळत आणि शिव्या देत. मधल्या वेळात थोडं शिकवत. त्या काळी रेशनचं रॉकेल म्हणजे पाणी, माती आणि रॉकेल यांचं एकत्र कुटुंब. उस्तादांनी त्यावर एकच मंत्र दिला, “तेल कू पैले सोने देव, फिर पिलाव.” तेल पिंपात भरून निजवायचं आणि चार-आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. पाणी आणि गाळ तळाला बसतो. मग वरचं नितळ तेल नळीनं ओढून घ्यायचं आणि तळचं चार बोटं फेकून द्यायचं.

पुढे पैठणचं धरण भरलं, फुगवट्याचं पाणी कडूबाच्या गावाच्या शिवारापर्यंत येऊन टेकलं आणि काठावर पाण्याचे पंप बसले. पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. पस्तीस-चाळीस इंजिनं एका वेळी धडधडायची आणि कडूबा आपल्या ओट्यावर दाढी करता करता सांगायचा, “बद्रीनाथचं इंजन खोकायलंय, त्याला तळचं तेल पाजलंय गाढवानं.” लोक जाऊन बघायचे तर खरंच तसं असायचं. लग्नाच्या आमंत्रणात पाटलानंतर त्याचं नाव यायचं. सारा काठ तेल निजवून पाजायला शिकला, तो त्याच्याकडून.

मग वीज आली. पाण्यात बुडणारे पंप आले, ज्यांचं तोंड दिसत नाही आणि आवाज कानावर पडत नाही. एकेक इंजिन भंगारात गेलं. कडूबाकडे चार एकर ऊस उरला आणि बोलायला पार उरला. कारखान्यानं उसापासून पेट्रोलात घालायचं इथेनॉल करायला सुरुवात केली, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. “तुमच्या गाड्या माझ्या उसावर पळतात,” असं तो रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यांना थांबवून सांगायचा. थांबणारे हळूहळू कमी झाले.

अशात डॉक्टर श्रीनिवास आले. चाळीस वर्षं संभाजीनगरात लोकांचे दात उपटून झाल्यावर त्यांना पाण्याची ओढ लागली. काठावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या, आणि मागच्या माघात एक पांढरी फायबरची जुनी बोट ट्रकवर घालून आणली. तिच्या पाठीला पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन लटकत होतं, बरीच वर्षं मुकं असलेलं. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई म्हणाल्या, “या वयात लोक गुडघा बदलतात. तुम्ही बोट घेतलीत.” पण गुडघ्यात बसून कुठं फिरता येत नाही, असं डॉक्टरांचं मत होतं.

इंजिनाला शहरात कुणी हात लावेना. कुणीतरी कडूबाचं नाव सांगितलं. कडूबानं ते आठ दिवस उघडून ठेवलं, रॉकेलनं धुतलं, फुंकलं, शिव्या दिल्या, आणि नवव्या दिवशी दोरी ओढली तर ते बोललं. बोललं म्हणजे असं, की काठावरचे बगळे उडून पार पैठणच्या अंगाला गेले. कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून बोट डॉक्टरांची आणि इंजिन कडूबाचं, असा न बोलता व्यवहार ठरला.

पाजायचं काय, यावरून मात्र महिनाभर रण माजलं. कडूबाला आधी पेट्रोल, मग रॉकेल असं जुनं हवं होतं. पण रेशनचं रॉकेल कधीच बंद झालेलं. पारावरच्या एका शहाण्यानं डिझेल सुचवलं, कारण डिझेल ट्रॅक्टर ओढतं तर होडी का ओढणार नाही. डॉक्टरांनी छापील पुस्तिका वाचली आणि निकाल दिला, की पेट्रोल, आणि पन्नास भाग पेट्रोलात एक भाग टू-टी ऑइल. ऑइल ते दातांच्या सिरिंजनं मोजत. कडूबा डोळ्यानं मोजे आणि डॉक्टरांची पाठ वळली की आणखी थोडं घाले.

पेट्रोल सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. उन्हाळ्याचे चार महिने दर रविवारी डॉक्टरांचे पाहुणे यायचे, बोट फिरायची, आणलेलं पेट्रोल आठवड्यात संपायचं. पावसाळ्यात बोट उलटी घालून ठेवली. पोळा झाला तसा कडूबा मोटरसायकलवरून जाऊन दोन मोठे कॅन भरून घेऊन आला आणि काठावरच्या छपरीत त्यानं ते निजवले. घट्ट झाकण लावलं तर तेल घुसमटतं, म्हणून तोंडाला फडकं बांधलं. उडून जाऊ नये म्हणून माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर तांब्याभर पाणी शिंपडू लागला. शिंपडताना फडकंही भिजायचं. पण पाणी पडलंच तर ते तळाला जातं, तळचं आपण घेत नाही, हा हिशेब पन्नास वर्षांचा होता.

त्याची बायको द्वारकाबाई शेळ्यांना पाणी दाखवायला तिकडं गेली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “हे पेट्रोल हाय का बाळंतीण?” तिनं विचारलं.

“तुला इंजनातलं काय कळतं?”

“नाय कळत. शेक-शेगडी लागली तर सांगा.”

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी डॉक्टर एकटेच कडूबाला घेऊन निघाले. पाणी तुडुंब, हवा गार. मध्यावर गेल्यावर इंजिन दोनदा खोकलं, एकदा शिंकलं आणि गप झालं. दोरी ओढून ओढून कडूबाच्या बगलेत गोळा आला. शेवटी मासे धरणारा सांडू होडी घेऊन आला आणि त्यानं बोट दोरानं बांधून ओढत आणली. कडूबानं कार्ब्युरेटर उघडून साफ केलं आणि छाती ठोकून सांगितलं, “आता पक्कं झालं, डाक्टरसाहेब. आता हालत नाय.”

पुढच्या रविवारी मीनाक्षीबाई बसल्या. नवऱ्याच्या भरवशावर नव्हे, कडूबाच्या. बोट पुन्हा मध्यावर थांबली आणि खरंच हालली नाही. उन्हात दोन तास गेले. सांडू आला, पण त्याची होडी माशांनी भरलेली; ओझं कमी करायला त्यानं दोन टोपल्या बाईंच्या पायाशी ठेवल्या. मीनाक्षीबाई काठावर उतरल्या. साडी झटकली, दोन पावलं गेल्या आणि मग बोलल्या.

“पुण्याला आपल्या मुलाला, सुहासला सांगते. तो बॅटरीवरची मोटार पाठवतोच म्हणत होता. दिवाळी झाली की माणूस येईल, ती बसवेल आणि हे धूड काढून घेऊन जाईल.”

डॉक्टरांनी आकाशाकडे बघितलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणणाऱ्या माणसाला या वेळी स्वतःचं उघडता आलं नाही.

कडूबाला फार वाईट वाटलं. बॅटरीच्या मोटारीला ना धूर, ना कॉक, ना खोकला. तिला कान लावून करायचं काय? काठावरच्या चाळीस इंजिनांतलं म्हणा किंवा जगातलं म्हणा, त्याच्या हाताला ओळखणारं हे शेवटचं इंजिन होतं. ते गेलं की तो उरणार चार एकर उसाचा एक म्हातारा, आणि असले म्हातारे गावात ढिगानं होते. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दोन दिवस भाकरी अर्धी टाकली.

तिसऱ्या दिवशी त्याला गुन्हेगार सापडला. कॅनमधलं पेट्रोल बाटलीत घेऊन तो पेट्रोलपंपावर गेला आणि नळी धरून उभ्या असलेल्या बन्सीवर चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, “पाणी इकता व्हय रे? लाज वाटती का? धरणाचं पाणी काय कमी पडलं म्हून तुमचं बी आमच्या इंजनात?”

बन्सी गावातलाच, नात्यानं पुतण्या लागायचा. त्यानं शांतपणे गाडीत पेट्रोल भरून पुरं केलं. “काका, आमच्या टाकीत पाणी गेलं तर आमचीच बोंब. रोज सकाळी काठीला पेस्ट लावून बघतो मी. पाणी लागलं की पेस्ट रंग बदलती. या इकडं.”

त्यानं एक रिकामी काचेची बाटली आणली. तळाला एक बोट साधं पाणी घातलं, त्यावर नळीतून ताजं पेट्रोल भरलं, झाकण लावून हलवली आणि कठड्यावर ठेवली. पाच मिनिटांनी तळाचं पाणी एका बोटाचं जवळजवळ तीन बोटं झालं होतं.

“बघ! निघालं का न्हाई पाणी?” कडूबा गरजला.

“पाणी एकच बोट हाय काका, मीच घातलंय. वरची दोन बोटं इथेनॉल हाय. त्ये पेट्रोलातून उतरून पाण्यापाशी गेलं. त्याला पाणी लई आवडतं. दिसलं की मिठी मारतं.” बन्सीनं बाटली त्याच्यापुढं धरली. “तुमचाच ऊस हाय त्यो. तुमी नव्हता का सांगत, गाड्या माझ्या उसावर पळत्यात म्हून?”

गिऱ्हाइकं हसली. कडूबानं आणखी चार शिव्या दिल्या, पण त्यात पहिल्यासारखा दम नव्हता. निघताना त्यानं दोन बाटल्या ताजं पेट्रोल मागून घेतलं. बन्सीला खोटं पाडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घरी येऊन त्यानं छपरीत दोन्ही बाटल्या मांडल्या. एकीला घट्ट बूच. दुसरीला कॅनसारखंच फडकं, कॅनसारखंच ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी. आठ दिवस तो शेतावर जायच्या आधी आणि आल्यावर तिथं जाऊन बसे. बुचाची बाटली पहिल्या दिवशी होती तशीच नितळ राहिली. फडक्याची बाटली चौथ्या दिवशी जराशी धुरकटली. सहाव्या दिवशी पहाटे थंडी पडली आणि सकाळी तळाला बोटभर वेगळा थर बसलेला दिसला.

कडूबानं मग कॅनमध्ये नळी थेट तळापर्यंत घातली आणि ओढून काढलं. बाटलीच्या तळाशी होतं तेच, पण चांगलं चार बोटं. वर राहिलेलं पेट्रोलही काही बरं नव्हतं. पाणी पिऊन बसलेलं, बोटीच्या टाकीत रात्री गार झालं की तेही फाटणार, आणि टाकीची नळी तर तळाशीच तोंड लावून असते. रॉकेलातलं पाणी बिचारं वेगळं राहायचं, तळाशी बसायचं, फेकून देता यायचं. हे नवीन तेल निजवलं की पाणी पीत होतं. जितकं जास्त निजवावं तितकं जास्त. उन्हाळ्यात इंजिन नीट चाललं, कारण त्याच्या हाताला पेट्रोल निजवायला वेळच मिळाला नव्हता.

तो छपरीतल्या दगडावर बसला. इंजिनाचं काही चुकलं नव्हतं. बन्सीचं नव्हतं. वाऱ्याचं नव्हतं, वरून आलेल्या करंटाचं नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याला बोट दाखवायला दुसरं कुणी मिळेना.

“काय झालं?” द्वारकाबाईनं विचारलं.

“काय नाय.”

त्यानं बराच विचार केला. कॅन गुपचूप ओतून द्यावे, ताजं पेट्रोल आणावं आणि ‘आता पक्कं झालं’ म्हणावं. पण तेच वाक्य तो एकदा छाती ठोकून म्हणाला होता आणि त्यानंतर बाईंच्या पायाशी मासे आले होते. दोनदा दगा दिलेल्या इंजिनाला तिसरी संधी कुणी उगाच देत नाही. इंजिन वाचवायचं तर ते का बंद पडलं हे सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं तर कोणामुळे हेही सांगणं आलं. इंजिन तरी जाणार होतं, नाहीतर कडूबाचं कधीच न चुकणं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी काठावर अर्धं गाव जमलं. लोकांना बॅटरीची मोटार बघायची होती, आणि त्याहून जास्त कडूबाचं तोंड बघायचं होतं. पुण्याचा माणूस खोकं उघडून बसलेला. डॉक्टर इंजिनाशेजारी उभे, त्यांच्या हातात पाना होता पण तो धरायचा कसा हे त्यांना आठवत नव्हतं. मीनाक्षीबाईंना द्यायला द्वारकाबाई फराळाचा डबा घेऊन आली होती. सांडू आपल्या होडीत जाळं आवरत होता. तेवढ्यात कडूबा आला. एका हातात दोन बाटल्या, दुसऱ्या हातात त्याच सकाळी बन्सीकडून भरून आणलेला, झाकण आवळलेला पेट्रोलचा डबा.

“थांबा. इंजनाला हात लावू नका.” त्यानं बाटल्या कट्ट्यावर ठेवल्या. “इंजनाचं काय नाय.”

“मग पेट्रोल भेसळीचं होतं?” डॉक्टरांनी आशेनं विचारलं.

“नाय. पंपाचं बी काय नाय. बन्सी इमानदार हाय. त्याला मी उगाच बोललो.”

“मग ते इथेनॉल का काय म्हणतात, त्याचा दोष?”

“नाय. ऊस बी चांगला हाय.” कडूबानं ओठांवरून जीभ फिरवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि कार्तिकातल्या सकाळी तिथं दुसऱ्या कुणाला घाम नव्हता. “ह्या बाटलीला बूच हाय, ही चांगली. हिला ओलं फडकं, ही नासली. पेट्रोलानं पाणी पिलं. पाणी कुनी पाजलं, तर...”

“तर कुणी?” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“मी.” कडूबानं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा इंजिनाकडे. “मी पाजलं. रोज. तांब्यानं. माझं चुकलं.”

सांडूच्या हातातून जाळं सुटून पाण्यात गेलं आणि त्याला कळलं नाही. गावातल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघून खात्री करून घेतली, की आपण ऐकलं ते खरंच बोललं गेलं.

मीनाक्षीबाई बाटल्यांजवळ गेल्या. दोन्ही उचलून उजेडात धरल्या, पुष्कळ वेळ बघितल्या. “हे चालवून दाखवा,” त्या म्हणाल्या.

कडूबानं जुनी टाकी ओतून कोरडी केली, ताजं पेट्रोल भरलं आणि ऑइल डॉक्टरांना सिरिंजनं मोजू दिलं. या वेळी वर थोडं घातलं नाही. तिसऱ्या ओढीला इंजिन बोललं. मीनाक्षीबाई पदर खोचून बोटीत बसल्या, बोट समोरच्या काठापर्यंत जाऊन आली, आणि उतरताना त्यांच्या साडीला कसलाही वास नव्हता. पुण्याच्या माणसानं मुकाट्यानं खोकं बांधलं.

“इंजिन राहू दे,” मीनाक्षीबाईंनी निकाल दिला. “पण पेट्रोल त्याच दिवशी सकाळी आम्ही आणणार. झाकण घट्ट. उरलेलं आमच्या गाडीत. तुमच्या छपरीत एक थेंब नाही.”

“व्हय मॅडम,” कडूबा म्हणाला. जमलेल्या लोकांना आणखी ऐकायची आशा होती, पण तेवढंच मिळालं.

घरी परतताना तो हलका झाल्यासारखा चालत होता. इंजिन राहिलं होतं. आणि चुकलं म्हटल्यावर आभाळ कोसळतं असं त्याला आजवर वाटत आलं होतं, ते काही कोसळलं नव्हतं. ओट्यावर टेकून त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, “बघितलं? वाचिवलं का न्हाई मी इंजन?”

द्वारकाबाई दारात उभी होती. रिकामा डबा अजून तिच्या हातात होता.

“बघितलं,” ती म्हणाली. “लोखंडासाठी चुकलं म्हनलात. चारचौघांत, घाम फुटंस्तोवर. अठ्ठेचाळीस वर्सं झाली मला या घरात येऊन. माझ्यासाठी एकदा तोंडातून निघालं का?”

ती रागावली नव्हती, हे कडूबाला जास्त लागलं. रागावली असती तर तो उलट ओरडला असता. ते त्याला चांगलं जमायचं. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली.

“तुझ्या बाबतीत,” तो शेवटी हळूच म्हणाला, “कोनतं चुकलं माझं?”

द्वारकाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. खरंच विचारतोय, हे पटल्यावर तिनं डबा खाली ठेवला आणि गॅस पेटवायला आत वळली.

“बसा,” ती आतून म्हणाली. “चहा ठेवते. येळ लागंल.”